पायलीच्या तळाचं मेण

फार मागं एका रानात सगळ्यांचं धान्य एकाच राशीत पडे आणि वानर ते पायलीनं मापून वाटे. एकदा भुकेल्या साळुंकीनं राशीतले चोचभर दाणे उचलले, तर न्यायाधीश गव्यानं तिथल्या तिथं तिचे पंख कातरले.

पुढच्या वाटपाला, जमिनीवरून खुरडत चाललेल्या साळुंकीला कलंडलेल्या पायलीच्या आत, तळाशी चार बोटं मेण थापलेलं दिसलं. तिनं ओरडून रान गोळा केलं.

"वानरराव, बसा तुम्ही," गवा म्हणाला. "नजरचूक असेल. समिती नेमून चौकशी करू. तोवर मापायला तुमचाच सरावाचा हात हवा."

"महाराज, माझ्या वेळी समिती कुठं होती?" साळुंकीनं विचारलं.

गव्यानं वानराला मापायची खूण केली. वानरानं त्याच पायलीनं सगळ्यांना मापून दिलं. गव्यापुढं मात्र त्यानं न मापताच पाटी ओतली.