साळुंकीचा शेवटचा निरोप

एका राज्यात, जिथं राजवाड्याला नऊशे दारं होती आणि दारागणिक एक निरोप्या, हंसकेतू नावाचा राजा राहत होता. राणी मृणावतीला पतीची तब्येत विचारायची असली, तर प्रश्न सात निरोप्यांच्या तोंडून जाई. उत्तर येईपर्यंत ताप उतरलेला असे. राजाला त्यात काही वावगं वाटत नसे. मोठ्या घरची रीत म्हणायची आणि गप्प बसायचं.

एकदा एक चेटकीण आजारी लेकासाठी राजवैद्य मागायला आली. तिची विनवणी सात तोंडांतून राजापर्यंत पोचली, तोवर लेक गेला होता. महाद्वारात उभी राहून ती म्हणाली, "राजा, तुझ्या माणसांचा शब्द तुझ्या कानी पडणार नाही."

तेव्हापासून राजाला नगारे ऐकू येत, कावळे ऐकू येत, भाटांची स्तुती तर नको तेवढी ऐकू येई. राणी आणि तान्ही लेक रेणू मात्र नुसते ओठ हलवीत. लेकीचे पहिले बोबडे बोल त्यानं पाहिले, ऐकले नाहीत. त्या दिवशी तो भर दरबारात रडला.

तेव्हा वाड्यातली बोलकी साळुंकी खांद्यावर येऊन बसली. "महाराज, उतारा आहे. कामं तीन. मुकुट उतरवा. सात समुद्रांपलीकडं संसार मांडा. तिसरं तिथं सांगेन."

राजानं मुकुट धाकट्या बहिणीच्या, पद्मिनीच्या, हाती दिला आणि बायको, लेक नि साळुंकीला घेऊन नावेत बसला. सातव्या समुद्रापार एका बेटावर त्यांनी एका खोलीचं घर बांधलं. राजा जाळी विणायला शिकला, राणी चूल पेटवायला. पण बेटाची भाषा त्याला कळेना आणि घरातली ऐकू येईना. एवढ्याशा खोलीत, दोघींच्या मधे बसून, तो एकटा होता. साळुंकी तेवढी सांगे, "राणीसाहेब म्हणतात, मीठ संपलं." त्या एका आवाजावर त्यानं चार वर्षं काढली.

"तिसरं काम?" तो दर वर्षी विचारी. साळुंकी पिसं साफ करत बसे.

अखेर एके सकाळी तिनं मान खाली घातली. "मला घालवा, महाराज. तुमच्यापाशी निरोप पोचवणारी शेवटची मीच उरले आहे. तुमच्या घराचा लोभ सुटेना, म्हणून बोलले नाही."

ती गेली आणि शाप फिटलाच नाही, तर? त्यानं राणीकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण तिनं होकाराची मान हलवली.

"पद्मिनीला सांग," राजा म्हणाला, "निरोप्यांना शेतं देऊन घरी पाठव आणि दारात स्वतः बस. आणि त्या आईची माझ्या वतीनं क्षमा माग."

साळुंकी उडाली. घर मुकं झालं. आठवडा गेला, महिना गेला. दोघींचे ओठ हलत आणि राजा वेड्यासारखा त्यांच्या तोंडांकडं पाहत राही.

तिकडं पद्मिनीनं महाद्वारात बैठक मांडली. पहिली आली ती चेटकीण. तिनं लेकाची सगळी हकीकत सांगितली. पद्मिनीनं मधे एक शब्द न बोलता ती ऐकली आणि भावाच्या वतीनं तिची क्षमा मागितली.

त्याच दुपारी राजा अंगणात जाळं विणत होता. मागून एक आवाज आला. बारीक, किंचित घोगरा, रागावलेला. रेणू बेटाच्या भाषेत शेजारच्या कोंबडीला हाकलत होती. राजाच्या हातून सुई गळाली.

"काय म्हणाली ती?" त्यानं विचारलं.

"मला तरी कुठं कळतं तिचं सगळं?" मृणावती सवयीनं पुटपुटली.

"मग आपण दोघं तिच्याकडूनच शिकू," राजा म्हणाला. त्यानं आपलं बोलणं ऐकलं, हे मृणावतीच्या तेव्हा ध्यानात आलं.

राजाला न्यायला राज्यातून नावा आल्या, रिकाम्या परत गेल्या. राजा बेटावरच राहिला. मृणावती जेवायला हाक मारी, तेव्हा पहिल्या हाकेला तो मुद्दाम ओ देत नसे. दुसरी ऐकायला मिळावी म्हणून.