गोधडीचा कोपरा

ऐका मंडळी, लहानथोर सगळेच. फार मागे, लढाया तलवारीनं होत आणि थंडी गोधडीनं हटत असे, त्या काळातली ही गोष्ट.

एका डोंगरी किल्ल्यावर एक पहारेकरी होता. नजर अशी, की दूरची धूळ पाहून घोडे किती ते सांगावं. दर हिवाळ्यात त्याची बायको जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून पाठवी. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा घाली. जुनी रीतच ती; उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणे. पहारेकरी आधी तो कोपरा चाचपायचा. तुकडा बोटाला लागला, की घर भेटलं. आम्ही व्यापारी माल उलगडून पारखतो; पण काही माल मिटलेलाच पारखायचा असतो.

एका वर्षी शत्रू चालून आला. किल्ल्यावर राहणारा राजा धास्तावला. हुकूम सुटला: किल्ल्यावर येणारं-जाणारं गाठोडं असो की निरोप, चौकीत उघडा.

चौकीदारानं गोधडी उसवली. "बाई, ही भाकरी कसली?"

"गोधडीचा घास आहे, दादा."

"गोधडी जेवते? मग ताकही द्यायचं होतं की!" तो हसला. पण शत्रूची खूण असेल म्हणून तुकडा काढून घेतला.

"राहू द्या हो. आमचे हे आधी तो घासच हुडकतात."

"हुकूम आहे, बाई."

कोपरा पुन्हा असा शिवला गेला, की उसवल्याचं कळू नये. गोधडी वर पोचली.

पहारेकऱ्यानं कोपरा चाचपला. रिकामा. पुन्हा चाचपला.

"काय हरवलं रे?" सोबत्यानं विचारलं.

"काही नाही."

घरातला दाणा संपला? की मीच नकोसा झालो? निरोप धाडावा, तर तो चौकीत मोठ्यानं वाचणार. बायकोला असलं चारचौघांत कसं विचारायचं?

मग तो रोज गोधडी पांघरून गावाकडच्या तटावर उभा राहू लागला. खाली, लांब, आपल्या छपरातून धूर निघतो का, ते शोधत.

एका सकाळी शत्रू मागच्या कड्यानं चढला. किल्ला पडला.

पळता पळता राजानं त्याला गाठलं. "सगळ्यांत तीक्ष्ण नजर तुझी! बघत होतास कुठं?"

"घराकडं, महाराज. चूल पेटली का, तेवढंच."

ध्यानात ठेवा: जो राजा रयतेच्या मनाचा कोपरा उसवतो, त्याच्या तटावर माणसं उरतात, पहारा उरत नाही.