राजाच्या मनातल्या साळुंक्या

एका राज्यात, जिथे राजाचे उपास राजा करीत नसे, शीघ्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. उपासासाठी तिथे बदली माणूस ठेवलेला असे. राजाची एकादशी बदली करी, राजाचा नवस बदली फेडी, राजाला खोकला झाला की कडू काढासुद्धा बदलीच पिई, आणि एवढे करून राजाचा खोकला हटला नाही की सगळे नवल करीत. पिढ्यानपिढ्या चालत आलेली चाल होती. त्यात काही चुकते आहे असे कोणाच्या डोक्यात आले नाही. त्या वेळी बदलीच्या जागेवर सोमाजी नावाचा एक हडकुळा, भित्रा आणि सदा कुरकुरणारा गृहस्थ होता.

शीघ्रसेन मनाचा वाईट नव्हता. पण त्याचे मन एका जागी राहील तर शपथ. जेवायला बसला की शिकार आठवे, शिकारीला गेला की न्यायनिवाडे आठवत, आणि न्यायासनावर बसला की जेवण आठवे. त्याला कुमुदिनी नावाची एकुलती एक मुलगी होती. बारा वर्षांची, आईवेगळी पोर. ती रोज बापाला काहीतरी सांगायला येई. राजा "हं, हं" करी आणि तिचे वाक्य अर्ध्यावर असतानाच प्रधानाला हाक मारी. तरी पोरीने सांगायचे सोडले नाही. माझ्याने एवढे झाले नसते.

एके दिवशी कालकेतू नावाचा मांत्रिक आपल्या गावचे गाऱ्हाणे घेऊन दरबारात आला. तीन डोंगर चालून आला होता. त्याने पहिल्यापासून सगळे सांगितले. राजाने विचारले, तुमचे नाव काय म्हणालात? मांत्रिकाने नाव सांगितले, गाऱ्हाणे पुन्हा सांगितले. राजाने पुन्हा नाव विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मांत्रिकाने हातातली काठी फरशीवर आपटली.

"राजा, तुझे मन कुठे भटकते ते आता सगळ्यांना दिसेल. तुझ्या मनात जे जे येईल त्याची साळुंकी होईल. आणि समोर असूनही जे तुला कधी दिसले नाही, ते त्या साळुंक्यांत मिसळून जाईल. बारा पौर्णिमांच्या आत ओळखलेस तर तुझे. नाहीतर ते कायमचे पाखरू."

एवढे बोलून तो चालता झाला. लागलीच राजाच्या डोक्यातून फडफडत एक साळुंकी निघाली, सिंहासनाच्या पाठीवर बसली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आज भाजी कसली आहे?" दरबार हसला. मग कोणाचे तरी लक्ष सिंहासनाच्या पायरीकडे गेले. तिथे कुमुदिनी बसलेली होती. आता तिथे एक साळुंकी होती. राजा घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाच्या मनात काय एकच विचार येतो? चाळीस साळुंक्या एकदम उडाल्या, दरबारभर घिरट्या घालू लागल्या, आणि त्यांतली पायरीवरची कोणती हे कोणालाच सांगता येईना.

पुढचे तीन महिने त्या राज्यात माणसांच्या नाकी नऊ आले. साळुंक्या छपरांवर बसत आणि राजाच्या मनातले बडबडत. सेनापतीचे नाक वाकडे आहे, आत्याबाईंची आमटी खारट असते, हत्तीला हत्तीच का म्हणतात, पाठीला कुठेतरी खाज येते आहे. भर बाजारात, दिवसभर, हेच. राजा त्यांच्याशी वाद घाली, त्यांना दगड मारी, आणि एकीला उत्तर दिले की तिच्या जोडीला आणखी दोन येत. जिच्याकडे कोणी पाहिले नाही ती थोडा वेळ पिसे साफ करी आणि हवेत विरून जाई. हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडत होते, पण ते कोणी पाहिले नाही, कारण न पाहिलेल्या साळुंकीकडे कोण पाहणार?

सगळ्यात वाईट पुढेच आहे. राजा मुलीची आठवण काढी, आणि त्या आठवणीचीही साळुंकी होई. ती येऊन त्याच्या मनगटावर बसे आणि म्हणे, "आबा, मीच कुमुद. मी तुमच्यावर रागावले नाही." राजा तिला छातीशी धरून रडे, सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवी, डाळिंबाचे दाणे भरवी. आपण तिच्याजवळ बसलो म्हणूनच ती टिकते हे त्याला कळत नसे. तो जरा दुसरीकडे वळला की पिंजरा रिकामा. मग नवी साळुंकी, नवा पिंजरा. सातशे पिंजरे झाले. त्याची कीव येते, पण खरे सांगू का, रागही येतो. जी खरी होती ती याच गर्दीत कुठेतरी होती, आणि बाप तिच्याच आठवणींनी गर्दी वाढवीत होता.

चौथ्या महिन्यात प्रधानाने सांगितले, उत्तरेच्या डोंगरात एका जळक्या वडाच्या ढोलीत हजार वर्षांचे घुबड राहते, त्याला उपाय ठाऊक असतो. राजा घोड्यावर बसला. वाटेत आगीची नदी लागली, ती त्याने ओलांडली. सात फण्यांचा नाग लागला, त्याला मारला. चालता पहाड लागला, त्याला थांबवून वाट विचारून घेतली. असल्या कामांत तो पटाईत होता. भर दुपारी वडाखाली पोहोचून त्याने घुबडाला हाका मारून उठवले. घुबड अर्थातच वैतागले.

"तीन कामे आहेत," ते म्हणाले.

राजाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला.

"पहिले. रोज सूर्य उगवताना पाटावर बस. दुसरे. श्वास मोज, एकपासून एकवीसपर्यंत. चुकलास की पुन्हा एकपासून. तिसरे. जी साळुंकी येईल तिला बोलावू नकोस आणि हाकलूही नकोस."

राजा बराच वेळ वाट पाहत उभा राहिला.

"आणि राक्षस?" त्याने विचारले.

"राक्षस नाही."

"मग मणी आणायचा असेल एखादा. समुद्रातून."

"पाट आण. घरातूनच," घुबड म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

राजाला तो अपमान वाटला. सात फण्यांचा नाग मारणाऱ्याने पाटावर बसून आकडे मोजायचे? तो तोंड पाडून परत आला, आणि त्याने तेच केले जे त्या राज्यातल्या कोणत्याही राजाने केले असते. रोज सकाळी बसणे म्हणजे व्रत. व्रत म्हणजे बदलीचे काम. सोमाजीला बोलावणे गेले. कपाळाला हात लावावा की काय करावे सांगा. चंदनाचा पाट झाला, पाटावर सोमाजी बसला, त्याच्या डोक्यावर छत्र धरले गेले, आणि राजा सज्जात उभा राहून पाहू लागला की साळुंक्या कमी होतात की नाही. दर क्षणाला त्याच्या डोक्यातून दहा साळुंक्या निघत आणि ओरडत, "कमी झाल्या का? कमी झाल्या का?"

असे चार महिने गेले. चार! सोमाजीच्या अंगावर मूठभर मांस चढले. त्याची कुरकुर थांबली. त्याची बायको राजवाड्यात येऊन हात जोडून गेली की घरात इतकी शांतता लग्नानंतर प्रथमच आहे. राजाच्या साळुंक्या मात्र आता दिवसा ऊन अडवू लागल्या होत्या. आठवी पौर्णिमा झाली तेव्हा राजा सोमाजीच्या अंगावर धावून गेला आणि त्याला कामचुकार म्हणाला. पूर्वीचा सोमाजी असता तर चळचळ कापला असता. आता तो सावकाश पाटावरून उठला.

"महाराज, मी बसलो तर माझे मन निवले. तुमचे मन माझ्या डोक्यात नव्हते."

पाट त्याने राजापुढे सरकवला आणि तो घरी जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः बसला. एक, दोन, तीन. "तीन झाले!" म्हणून एक साळुंकी निघाली. तिच्या मागे दुसरी निघाली, "आता चार येणार!" राजा एकवर परतला. त्या महिन्यात तो एकदाही पाचावर पोहोचला नाही. त्याने साळुंक्यांना शिव्या दिल्या, त्यांच्या शंभर पिलावळी झाल्या. एकदा त्याने पाट उचलून विहिरीत टाकला, मग अर्ध्या घटकेने स्वतःच आत उतरून काढून आणला. आगीची नदी ओलांडणारा हा माणूस, आणि त्याला पाच आकडे मोजता येईनात. शेवटी तो सोमाजीच्या दारात गेला.

"मला जमत नाही," तो म्हणाला.

"आज बसलात का?"

"बसलो."

"मग जमले. उद्या पुन्हा बसा."

राजाच्या डोक्यात तिडीक गेली. त्या तिडिकेची साळुंकी झाली, थेट सोमाजीच्या खांद्यावर जाऊन बसली आणि त्याच्या कानात ओरडू लागली, "याचे मुंडके उडवा! याचे मुंडके उडवा!" सोमाजी शेंगा सोलत होता. त्याने तिला हाकलले नाही, तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. साळुंकी ओरडून दमली, पिसे साफ करू लागली आणि विरून गेली. राजा त्या रिकाम्या खांद्याकडे पाहतच राहिला. नऊ महिन्यांत हे त्याने पहिल्यांदा पाहिले.

त्या दिवसापासून तो नुसता बसू लागला. चुकला की एकपासून. खाजेची साळुंकी येई, आमटीची येई, नाकाची येई. येत, बडबडत, जात. हळूहळू छपरांची कौले दिसू लागली. पण "आबा, मीच कुमुद" म्हणत जी मनगटावर येऊन बसे, तिला न कुरवाळणे हे त्या राज्यातल्या कोणत्याही नागापेक्षा भारी होते. तिने त्याच्याकडे पाहायचे, त्याने हात उचलायचा नाही, आणि तिने डोळ्यांदेखत विरून जायचे. रोज. एक दिवस त्याने सातशेही पिंजऱ्यांची दारे उघडली आणि खोली झाडून घेतली. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि तो उपास त्याचा स्वतःचा होता.

बाराव्या पौर्णिमेची सकाळ उजाडली. राजा पाटावर बसला. आज नाही तर कधीच नाही, हा विचार त्याला येणारच होता. तो आला, आणि सारे अंगण साळुंक्यांनी भरून गेले. सगळ्या एका सुरात ओरडत होत्या. राजाने मोजले, एक. पुन्हा एक. पुन्हा एक. ऊन भिंतीवरून अंगणात उतरले. दोन. एक. एक, दोन, तीन. ओरडणाऱ्या दमल्या, विरळ झाल्या. सात. बारा. एकवीस म्हणून त्याने श्वास सोडला तेव्हा अंगणात एकच साळुंकी उरली होती. ती रांजणाच्या काठावर बसली होती. मीच कुमुद, असे ती म्हणाली नाही.

"आबा, तुम्ही पाट रोज उन्हात मांडता," ती म्हणाली. "सावली दोन हातांवर आहे. मी महिनाभर सांगते आहे."

हे राजाच्या डोक्यात कधीच आलेले नव्हते. त्याच्या साळुंक्यांना फक्त त्याच्या डोक्यातले बोलता येत होते. "हीच ती!" म्हणून एक साळुंकी त्याच्या डोक्यातून निघालीच. राजाने तिला येऊ दिले आणि जाऊ दिले. हात पुढे केला नाही, नाव घेतले नाही, ऐकत राहिला.

शाप सुटला तो असा. पुढे बदलीची जागा मोडली गेली, सोमाजीला राजाने बाग दिली, कालकेतूला मानाने बोलावून त्याच्या गावचे गाऱ्हाणे एका बैठकीत ऐकले आणि निवारले. राजाचे मन नंतरही भटके, फक्त त्याची पाखरे होत नसत आणि तो रोज सकाळी पाटावर बसे. पण हे सगळे नंतरचे. त्या सकाळी कुमुदिनी बोलत होती. पावसात ती खिडकीशी भिजत बसली होती आणि बापाने दुसऱ्याच साळुंकीला आत घेतले, हे तिने सांगितले, आणि तिचे पंख गळाले. थंडीत तिने सात वेळा हाका मारल्या आणि तो "हं, हं" म्हणाला, हे सांगितले, आणि तिचे पाय जमिनीला टेकले. डाळिंबाचे दाणे भलत्याच पाखरांना मिळत होते आणि तिला ज्वारीचा कोंडा, हे सांगितले, आणि ती विस्कटल्या केसांची पोर होऊन बापासमोर उभी राहिली.

आणि मध्येच थांबली. तिला तशी सवयच होती. वाक्य अर्ध्यावर आले की आता प्रधानाला हाक जाणार, म्हणून ती वाट पाहत राहिली. प्रधान दारातच होता, हातात कागद घेऊन. राजाने तिकडे पाहिले नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

"मग?" तो म्हणाला. "पुढे काय झाले?"