फिरती मान

काचेच्या इमारती गावात नव्यानं उभ्या राहत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खिडक्या धुणाऱ्या इलाहीभाईंकडे एक लांब काठी होती. तिच्या पोटातून पाणी वर चढे आणि टोकाच्या ब्रशातून काचेवर सांडे. अलीकडे काठीच्या पाठीत कळ येई, बारीक चीरही पडली होती. हे कशानं होतं, याचं तिला कोडं पडलं होतं.

एके दिवशी इलाहीभाईंनी फिरत्या मानेचा नवा ब्रश आणला. जुना ब्रश खदखदून हसला.

"आला बघा नंदीबैल! दिसेल त्याच्यापुढे मान डोलावणार. आपण नाही बाबा कुणापुढे वाकत."

नवा म्हणाला, "दादा, मी फक्त काचेपुढे वाकतो. मानेचा स्क्रू आवळला की मीही हलत नाही."

"बघू तरी," काठी म्हणाली.

समोर एक तिरकी काच होती. आधी जुना ब्रश वर गेला. त्याची एकच कड काचेला टेकली. तो सगळा टेकावा म्हणून इलाहीभाईंनी खालून जोर लावला, तशी काठी धनुष्यासारखी वाकली आणि चीर करकरली. मग नवा ब्रश वर गेला. त्यानं काचेच्या उताराप्रमाणे मान कलती केली. काठी सरळच राहिली.

खाली आल्यावर ती जुन्या ब्रशाला हळूच म्हणाली, "दादा, राग मानू नका. तुमची मान ताठ राहावी म्हणून इतकी वर्षं माझी पाठ वाकत होती."

जुन्या ब्रशाला ते पटलं. हो म्हणायला त्याला नुसती मान हलवायची होती, पण ती हलेना.