दरबारात चालत आलेला नमुना

निंबगडचे राजे उदाजीराव मिशीला पीळ द्यायला गेले आणि भर दरबारात त्यांचा अंगरखा काखेपासून कमरेपर्यंत टरकन फाटला!

"पाचवा! महिनाभरात पाचवा अंगरखा!" राजे कडाडले. "बोलवा त्या राही परटिणीला!"

राही आली, पदर सावरून उभी राहिली. तीन पिढ्या तिच्या घरानं राजवाड्याचे कपडे धुतले, पण कधी एका बाहीला चीर गेली नव्हती.

"महाराज, दोष हाताचा नाही, पाण्याचा आहे," ती म्हणाली. "आमच्या घाटाच्या वरच्या अंगाला हिरोजीशेटची रंगशाळा. रंग पक्का करायला तिथं तेजाब वापरतात आणि उरलेलं खुशाल ओढ्यात सोडतात. त्या पाण्यात बुडवलेलं कापड वाळलं की पापडासारखं मोडतं."

"खोटं! साफ खोटं!" हिरोजीशेट ताडकन उठले. "माझ्या मोरीचं पाणी म्हणजे तीर्थ आहे, तीर्थ! महाराज, ही बाई कपडे धुते की दगड फोडते?"

दरबार हसला. राजांचे कारकून याआधी तीनदा रंगशाळेच्या पाहणीला गेले होते. तीनदाही शेटजींनी स्वतः भरून दिलेली सुरई घेऊन परतले, वर पानसुपारी खाऊन आले! पाणी अर्थातच काचेसारखं स्वच्छ.

"राही, मग नमुना तूच आण," राजे म्हणाले. "थेट मोरीतला."

"आणू दे की!" शेटजींनी हळूच डाव टाकला. "पण माझ्या लाल रंगाची कृती गुप्त आहे, महाराज. तिनं आत भांडं न्यायचं नाही. मोरीतलं टिपूसभर पाणी फाटकाबाहेर काढायचं नाही. आणि आपला एक प्यादा सतत सोबत हवा, त्यानं क्षणभर नजर हलवायची नाही."

"मंजूर!" राजे बोलून बसले, आणि उदाजीराव एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही. "शुक्रवारी नमुना दरबारात हजर पाहिजे. नाही तर गाढव घे, चंबूगबाळं आवर आणि राज्याची वेस ओलांड!"

 पाणी बाहेर न काढता पाण्याचा नमुना आणायचा कसा? घाट सुटला तर जायचं कुठं? अंगात दुसरी विद्या नाही, माहेर म्हणून कुणी उरलेलं नाही. राही बोटांवर वार मोजू लागली. आज मंगळवार. म्हणजे उद्या बुधवार! आणि बुधवार म्हणजे शेटजींच्या धुण्याचा वार, त्यांचे कपडेही तीच धुवायची!

"मान्य आहे जी," ती इतक्या चटकन म्हणाली की राजेच चपापले.

बुधवारी ती रंगशाळेत शिरली. मागोमाग राजांचा मल्हू प्यादा, डोळे वटारून. शेटजी राहायचे तिथंच, वरच्या माडीवर. त्यांनी सज्जातून गाठोडं खाली फेकलं.

"घे, जाता जाता एवढे धुऊन टाक! शुक्रवारी तुझी पाठवणी बघायला मला कडक धोतर पाहिजे!"

"इथंच अंगणात धुऊ का, शेटजी? मल्हूदादाची पायपीट वाचेल."

"धू की!" म्हणून शेटजी वामकुक्षीला गेले.

राहीनं पदरानं नाकतोंड घट्ट बांधलं. एक लांब काठी घेतली, हात जरासुद्धा लागू न देता धोतर आणि पागोटं मोरीत बुडवलं. पिवळट फेस नुसता फसफसत होता! ते काठीनंच उचलून तिनं भिंतीवर टाकलं, खळही वरूनच ओतली. उपरणं मात्र नेलं पिण्याच्या हौदाकडे.

"उपरणं वेगळं का गं?" मल्हूनं विचारलं.

"त्याचा मान वेगळा, दादा."

संध्याकाळी काठीनंच घड्या घालून तिनं कपडे शेटजींच्या दारात ठेवले. फाटकावर पहारेकऱ्यांनी कसून झडती घेतली, अंबाडासुद्धा सोडायला लावला. निघाली काय? कनवटीची अर्धी सुपारी!

शुक्रवार उजाडला. दरबार खच्चून भरला. राही आली ती रिकाम्या हातांनी.

"नमुना कुठंय?" राजांनी दरडावलं.

"येतोय, महाराज. स्वतःच्या पायांनी येतोय."

तेवढ्यात हिरोजीशेट आले. परीटघडीचं धोतर, डोईवर पागोटं, खांद्यावर उपरणं, चालण्यात केवढी ती ऐट! मुजऱ्याला वाकले मात्र आणि मागून चर्रर्र! घाईघाईनं धोतर धरायला गेले तर मूठभर चिंध्या हातात आल्या. पागोट्याचे तुकडे नाकावर ओघळले.

"आई गं! चावतंय! चावतंय!" मांड्या खाजवत शेटजी दरबारभर नाचू लागले. अब्रू झाकायला उरलं फक्त उपरणं, ते त्यांनी कमरेला कसंबसं गुंडाळलं.

"हा घ्या नमुना, महाराज!" राही म्हणाली. "मी भांडं नेलं नाही. टिपूस बाहेर काढलं नाही. शेटजींनी स्वतः नेसून आणलाय."

"हिनं त्यात काहीतरी कालवलं असणार!" शेटजी किंचाळले.

"मल्हू?" राजांनी विचारलं.

"नजर हलली नाही, महाराज. धोतर न् पागोटं मोरीत बुडवलं, उपरणं पिण्याच्या हौदात. बाई तीच, काठी तीच, खळही एकाच मडक्यातली."

"अरे गाढवा, मग अडवलं का नाहीस?" शेटजी त्याच्यावर खेकसले.

"हुकूम पाणी बाहेर न नेण्याचा होता जी. कपडे धुवायला बंदी कुठं होती?"

"आणि धुतले तेही तीर्थात!" राहीनं जोड दिली.

राजे असे खदखदून हसले की सहावा अंगरखाही उसवला! डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडला, "मोरी आजपासून ओढ्याला बंद! रंगशाळेची पाहणी यापुढं राहीकडे. दर बुधवारी शेटजींचं धोतर त्यांच्याच मोरीत धुवायचं, आणि शुक्रवारी तेच नेसून त्यांनी दरबारात यायचं!"

"महाराज, दया करा!" शेटजी गयावया करू लागले. "मोरी साफ व्हायला महिना तरी लागेल हो!"

"लागू द्या की, शेटजी," राही म्हणाली. "तोवर उपरणं आहेच!"

राजांना पुन्हा हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओंजळीत टाकलं.