बिनवजनाची कप्पी

शाळेतले फळे अजून काळे होते तेव्हाची ही गोष्ट. गणिताच्या वर्गात फळ्याच्या वर खिळ्याला एक लोखंडी कप्पी टांगलेली होती. बेहेरे सर दरवर्षी उदाहरण घालताना मुलांना सांगत, "कप्पीला वजन नाही असं समजा." तीस वर्षं ऐकून कप्पीने ते खरंच मानलं.

एकदा खिळा कळवळून म्हणाला, "ताई, मी वाकलोय. जरा कुरकुर करा, म्हणजे सर वर बघतील."

"माझ्यामुळे वाकलास? अरे, मला वजनच नाही. एवढे शिकलेले सर खोटं सांगतील?"

"सर नुसतं 'समजा' म्हणतात, ताई. पेलायला मी आहे."

कप्पीने तोंड फिरवलं. दुपारी खिळा भिंतीतून सुटला. पडताना कप्पीला स्वतःचा भार मुळीच जाणवेना.

"बघ, मी सांगत नव्हते?" ती खिळ्याला म्हणाली. फरशी अजून हातभर खाली होती.