कमरेला बसणारा घडा

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं मावशीने मला बजावलं होतं. राजाच्या दालनाबद्दल असं बोलू नये म्हणे. तरी सांगते, हळू आवाजात.

खूप जुन्या काळी, नदीकाठच्या एका गावात कुंभार, त्याची बायको आणि त्यांची लेक राहत होती. बाईने चाकाला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. कुंभार चाकावर घडा काढी. मग बायको एक हात घड्याच्या आत धरून बाहेरून लाकडी थापीने थापटी.

लेकीचा एक हात लुळा होता. डोक्यावर तिला घडा पेलत नसे आणि गोल घडा कमरेवरून निसटे. म्हणून आईने एकदा ओल्या घड्याची एक बाजू थापटून आत घेतली. तो घडा लेकीच्या कमरेला मांजरासारखा बिलगून बसला.

"तुझ्या लेकीलाच कंबर आहे होय गं? आम्हालाही दे की," बायका म्हणू लागल्या.

आईने त्यांनाही तसे घडे करून दिले, आणि एक घडा राजवाड्यापर्यंत पोचला. उत्तम वस्तू घडवणाऱ्यांची नावं कोरायला राजाने एक दालन बांधलं होतं. त्याचा कारभारी गावात आला.

"हा घडा कोणाचा?"

"माझ्या लेकीचा," कुंभारीण म्हणाली. "तिचा हात धड असता तर हा घडाच नसता. तिचं नाव कोरा."

"बाई, लुळ्या हाताची गोष्ट दालनात शोभत नाही. चाक कोण फिरवतं?"

कुंभाराने मान खाली घातली. "मी."

"मग झालं तर."

दगडावर कोरलं गेलं: चाकावर हा घडा घडवणारा थोर कुंभार.

पुढे आईबाप दोघंही गेले. नवे कुंभार दालनातला दगड वाचून चाकावरच तो आकार शोधत बसले. पण चाकावर सगळं गोलच निघतं.

"ओल्या घड्याची एक बाजू थापीने आत थापटा," लेक म्हणाली.

"तू कोण? दगडावर तुझं नाव आहे का?"

थापटायला दोन हात लागतात. तिला एकटीला ते जमणारं नव्हतं.

एके दिवशी आईच्या हातचा शेवटचा घडाही फुटला. मग ती तांब्याने पाणी आणू लागली. नदीवर जाण्यायेण्यातच तिचा दिवस मावळे. तसा घडा पुन्हा कुणाच्याच कमरेला बसला नाही.

तात्पर्य, वस्तू जिच्यासाठी घडली तिचीच गोष्ट वगळली, तर एक दिवस ती वस्तूही हातची जाते.

त्या लेकीचं नाव मात्र मला ठाऊक आहे. मावशी हाक मारतेय, पण तेवढं सांगूनच जाते. तिचं नाव—